२०३५ या आकड्यास अनावृत पत्र

सन २०३५,

पत्राच्या डोक्यावर मायना लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडतो. मायन्यात समोरच्याविषयी थोडा तरी आदर असावा लागतो आणि तुझ्याविषयी तो माझ्याकडे नाही. तक्रार आहे, आणि ती चारचौघांत करायची आहे. तू जे नुकसान केलंस, तेही चारचौघांतच केलंस.

आधी गुन्हा नोंदवून घेऊ. हिमालयातल्या हिमनद्या जगात सगळ्यांत वेगानं मागे हटताहेत आणि हाच वेग राहिला तर २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, अशा आशयाचं विधान २००७ साली छापून आलं. छापणारी संस्था साधी नव्हती. हवामान बदलावर जगभरातलं संशोधन गोळा करून सरकारांपुढे ठेवणाऱ्या आयपीसीसीच्या चौथ्या अहवालात, दुसऱ्या कार्यगटाच्या ९३८ पानी ग्रंथात, आशिया खंडावरच्या दहाव्या प्रकरणात तू जाऊन बसलास. त्याच वर्षी आयपीसीसीला अल गोर यांच्यासह शांततेचं नोबेल मिळालं. इतकं वजनदार ओळखपत्र मिळाल्यावर तुला कोण अडवणार? तू वर्तमानपत्रांत गेलास, भाषणांत गेलास, शाळेच्या निबंधांत गेलास. पावणेतीन वर्षं मिरवलास. शेवटी २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीला जाहीर निवेदन काढून कबूल करावं लागलं, की या परिच्छेदातली गती आणि तारीख या दोन्हींना पुरेसा आधार नव्हता.

ज्यांनी तुला छापलं त्यांनी तुला मागे घेतलं, तरी तू मेला नाहीस. म्हणून हे पत्र.

तुझी कुळकथा लोकांना माहीत असायला हवी. कॅनडातले हिमनदीतज्ज्ञ ग्रॅहम कॉगली आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१० च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात पत्र लिहून ती उलगडली. १९९६ साली युनेस्कोनं एक अहवाल काढला होता. संपादक होते रशियाचे व्लादिमीर कोत्ल्याकोव्ह. ध्रुवप्रदेश वगळता उरलेल्या जगातल्या हिमनद्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल, असा अंदाज त्यात होता. साल दिलं होतं २३५०. एवढी पडझड होऊनही हिमनद्या जिथे तग धरतील अशा जागांची नावं त्यात दिली होती, आणि त्या नावांत काराकोरम होतं, हिमालयही होता. म्हणजे ज्या कागदानं हिमालयाला वाचणाऱ्यांत धरलं, त्याच कागदातले क्षेत्राचे आकडे पुढे तुझ्या शेजारी बसून हिमालयाच्या मृत्यूची साक्ष देऊ लागले.

तुझं स्वतःचं साल आलं दुसऱ्या वाटेनं. १९९९ च्या एप्रिलमध्ये दिल्लीहून निघणाऱ्या ‘डाउन टु अर्थ’ या पाक्षिकातल्या लेखात तू होतास. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये एका मुलाखतीच्या आधारे बातमी आली. २००५ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेनं नेपाळ, भारत आणि चीनमधल्या हिमनद्यांवर अहवाल काढला आणि त्यात ‘न्यू सायंटिस्ट’चा हवाला दिला. २००७ साली आयपीसीसीनं डब्ल्यूडब्ल्यूएफचा हवाला दिला. आधी मुलाखत, मग बातमी, मग संस्थेचा अहवाल, मग जागतिक अहवाल. दर टप्प्यावर तुझी पत वाढत गेली आणि पुराव्यात एका मोजमापाचीही भर पडली नाही. गुंठाभर जमीन घ्यायची तर माणूस सातबारा काढतो, फेरफार पाहतो, शेजारच्या बांधावर चौकशी करतो. कोट्यवधी लोकांच्या पाण्याविषयीचं विधान मात्र मूळ कागद न काढता पदरात घेतलं गेलं.

आणि कागद काढायला दूर जायचीही गरज नव्हती. ज्या पानांवर तू छापलास तीच पानं नीट वाचली असती तरी तू पकडला गेला असतास. त्या उपप्रकरणाच्या सुरुवातीला हिमालयातल्या हिमनद्यांचं क्षेत्र सांगितलं आहे तीस लाख हेक्टर. हिशोब करा, तीस हजार चौरस किलोमीटर होतात. थोडं पुढे तुझं वाक्य येतं, की हिमनद्या नाहीशा होतील. त्याला लागूनच पुढचं वाक्य सांगतं, की हे क्षेत्र २०३५ पर्यंत पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल. म्हणजे पहिल्या वाक्यात बर्फ संपलं आणि दुसऱ्यात एक लाख चौरस किलोमीटर शिल्लक राहिलं. शिल्लक राहिलेलं हे बर्फ त्याच उपप्रकरणात दिलेल्या मूळ बर्फाच्या तिपटीहून जास्त! सातवीतल्या मुलानं वहीत असं गणित मांडलं तर बाई लाल शाईनं काट मारतात. इथे काट मारायला कुणी नव्हतं.

त्याच ठिकाणी एक तक्ता आहे, हिमनद्या किती मागे हटल्या त्याचा. उत्तराखंडातल्या पिंडारी हिमनदीची नोंद त्यात पाहावी. १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर माघार. वर्षाला सरासरी १३५.२ मीटर. आता १८४५ ते १९६६ ही वर्षं होतात १२१. भागाकार केला तर उत्तर येतं साडेतेवीस मीटर. १३५.२ कुठून आलं? १२१ ऐवजी २१ नं भागलं तर येतं. भागाकारात पूर्ण शंभर वर्षं गळाली आणि पिंडारी जवळपास सहापट वेगानं पळू लागली. तिच्याच खालच्या ओळींत मिलम हिमनदीचा वेग वर्षाला तेरा मीटर आणि गंगोत्रीचा तेवीस ते अठ्ठावीस मीटर दिलेला असताना, हा १३५ एकटाच असा कसा, हा प्रश्न कुणाला पडू नये?

गंगोत्रीचंच धरू. ही हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. तक्त्यातला मोठा वेग, वर्षाला अठ्ठावीस मीटर, घेतला तरी २००७ पासून तुझ्यापर्यंत ती पाऊण किलोमीटरच्या आसपास मागे जाते. हिमनदीचं तोंड मागे सरकणं हे एकच मोजमाप नाही, हे मला ठाऊक आहे. बर्फ वरूनही पातळ होत जातं आणि ते जास्त घातक असतं. तरी तीस किलोमीटर लांब आणि शेकडो मीटर जाड बर्फ अठ्ठावीस वर्षांत संपायला काय व्हावं लागेल, एवढा विचार तरी कुणीतरी करायला हवा होता.

काहींनी तो केला होता. ऑस्ट्रियाचे हिमनदीतज्ज्ञ गेऑर्ग कासर यांनी अहवाल छापण्यापूर्वी, २००६ मध्येच, हे चुकतंय असं कळवल्याचं नंतर सांगितलं. मसुद्यावर जपान सरकारनं शेरा पाठवला होता, की इतकं महत्त्वाचं विधान आहे तर त्याची खात्री किती, तेही सांगा. शेरे आले, फाइलला लागले, तू जागचा हलला नाहीस. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयानं प्रसिद्ध केला. हिमालयातल्या हिमनद्या अशा झपाट्यानं संपत असल्याचा पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ते ‘वूडू सायन्स’ म्हणून झटकून टाकलं. दोन महिन्यांत त्यांच्याच संस्थेला निवेदन काढावं लागलं. रैनांच्या निबंधातलं सगळंच पुढे टिकलं असं नाही. तापमानवाढीचा हिमनद्यांवरचा परिणाम त्यांनी फार कमी धरला होता, आणि पुढे उपग्रहांच्या मोजणीनं तो ठळकपणे दाखवला. पण २०३५ ला आधार नाही, एवढं म्हणणं बरोबर होतं. ते ऐकून मूळ कागद तपासायला हवा होता. शंका घेणाऱ्यालाच भोंदू ठरवून मोकळं होणं ही विज्ञानाची रीत नव्हे, आणि ते कुणीही केलं तरी मी त्याची बाजू घेणार नाही.

तुला उघडं पडायला वेळही कसली मिळाली! २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांचे ईमेल चोरून फोडले गेले होते. डिसेंबरात कोपनहेगनची हवामान परिषद फारसं काही हाती न लागता संपली. आणि जानेवारीत तू. ज्यांना काहीच करायचं नव्हतं त्यांना निमित्त हवं होतं, ते तू आयतं नेऊन दिलंस. बाकीच्या शेकडो पानांत काय आहे हे वाचायची गरजच उरली नाही. ‘हिमालयाचं खोटं निघालं ना, मग उरलेलंही तसंच’ एवढं म्हटलं की भागू लागलं.

हे नुकसान मी फार जवळून पाहिलं आहे. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून मला अधूनमधून बोलावतात. अशाच एका तालुक्याच्या गावी नववीतली एक मुलगी पर्यावरणावर बोलत होती. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. बोलता बोलता ती म्हणाली, २०३५ नंतर हिमालयात बर्फ दिसणार नाही आणि गंगा कोरडी पडेल. टाळ्या पडल्या. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे उभे राहिले आणि त्यांनी नेमकं तेच वाक्य उचललं. हा आकडा शास्त्रज्ञांनीच मागे घेतलाय, असं त्यांनी सांगितलं. ते खरं होतं. आणि मग त्याच दमात म्हणाले, हे ग्लोबल वॉर्मिंग वगैरे सगळं परदेशी लोकांनी काढलेलं खूळ आहे, निसर्ग आपलं आपण बघून घेतो. सभागृह हसलं. ती मुलगी हातातल्या कार्डांकडे बघत बसली होती. तिला बहुधा कुठल्या तरी मार्गदर्शकात किंवा फॉरवर्डमध्ये तू सापडला होतास, आणि छापलेलं खरं असतं एवढाच तिचा विश्वास होता.

त्या दिवशी तू एकाच वेळी दोन माणसांना फसवलंस. मुलीला खोटी तारीख दिलीस आणि पाहुण्यांना खोटा निष्कर्ष. मी उभा राहून खुलासा केला. पण कार्यक्रम संपत आला होता, लोक खुर्च्या सरकवत होते, आणि दुरुस्ती ऐकायला कुणी थांबत नाही. चुकीला टाळी मिळते, खुलाशाला ती मिळत नाही.

आता तुझी खरी चूक सांगतो. हिमालयातलं बर्फ वितळतंय, हे म्हणण्यासाठी तुझी गरजच नव्हती. हिमाचल प्रदेशात लाहौल-स्पितीत छोटा शिगरी नावाची हिमनदी आहे. चार हजार मीटरहून उंचावर, धाप लागते अशा जागी, २००२ पासून दर वर्षी संशोधक तिथे जातात. बर्फात वाफेच्या ड्रिलनं भोक पाडून बांबूच्या काठ्या रोवायच्या आणि वर्षभरानं परत येऊन काठी किती उघडी पडली ते मोजायचं. वरच्या भागात खड्डा खणून वर्षभरात किती बर्फ साचलं ते पाहायचं. जमा किती, खर्च किती, याचा ताळेबंद मांडायचा. काही वर्षी जमा जास्त निघते, पण एकंदर खात्यात तूट आहे. असा एक एक आकडा माणसं बोटं गारठवून मिळवतात. आणि तू? एका बातमीच्या शेपटीला लोंबकळत आलास.

यापेक्षा मोठं चित्र हवं असेल तर तेही आहे. शीतयुद्धात अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी काढलेली छायाचित्रं पुढे खुली झाली. त्यांच्या आधारे जोशुआ मॉरर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यातल्या ६५० हिमनद्यांचा हिशोब मांडला. १९७५ ते २००० या काळाच्या तुलनेत २००० ते २०१६ या काळात बर्फ घटण्याचा सरासरी वेग दुप्पट झाल्याचं त्यांना आढळलं. त्याच वर्षी काठमांडूच्या इसिमोड या संस्थेचा मोठा अभ्यास आला. जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा सुमारे एक तृतीयांश भाग शतकाअखेर जाईल, आणि उत्सर्जन असंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश, असं त्यात सांगितलं होतं. २०२३ च्या त्यांच्या पुढच्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं गेलं. या डोंगरांत चोवीस कोटी माणसं राहतात आणि त्यांच्या खालच्या खोऱ्यांत एकशे पासष्ट कोटी. एवढं पुरेसं भयानक नव्हतं का? त्यावर तुझी फोडणी कुणी मागितली होती?

खऱ्या आकड्यांना अपवाद असतात, आणि ते लपवत नाहीत. काराकोरममधल्या अनेक हिमनद्या बराच काळ स्थिर राहिल्या, काही थोड्या वाढल्याही. शास्त्रज्ञ हे उघडपणे लिहितात, कारणं शोधतात. गंगा कोरडी पडेल हेही तसंच अर्धवट आहे. गंगेच्या खोऱ्यातलं बहुतेक पाणी पावसाचं असतं. बर्फावरचं अवलंबन सिंधू खोऱ्यात कितीतरी जास्त आहे. लडाखमधल्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी, एप्रिल-मेमध्ये, पाणी लागतं आणि तेव्हाच ते मिळत नाही. म्हणून चेवांग नॉर्फेल यांनी गावाजवळ, कमी उंचीवर, हिवाळ्यातलं वाहतं पाणी अडवून गोठवायला सुरुवात केली आणि सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभारले. कुठल्या खोऱ्यात, कुठल्या महिन्यात, किती पाणी कमी पडेल, या प्रश्नावर माणसं उपाय करू शकतात. सगळं अमुक साली संपणार, या घोषणेवर एकच प्रतिक्रिया उरते: हात टेकायचे.

४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सिक्कीममध्ये काय झालं ते बघ. वरची हिमनदी मागे हटत गेल्यानं साउथ ल्होनाक हे सरोवर कित्येक दशकं वाढत होतं. रात्री काठाचा भाग सरोवरात कोसळला, पाणी उसळून बाहेर पडलं आणि चुंगथांगचं १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. या सरोवराच्या धोक्याविषयी अभ्यासकांनी आधीच लिहून ठेवलं होतं. अशा सरोवरांवर नजर ठेवणं, पाणी उपसून पातळी उतरवणं, खालच्या गावांत भोंगे बसवणं, ही कामं आहेत आणि ती आजची आहेत. दुसरीकडे २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला चोराबारी सरोवर फुटलं, तेव्हा महाराष्ट्रातलेही कितीतरी यात्रेकरू तिकडे अडकले होते. पण ते सगळं तापमानवाढीनंच केलं असं मी म्हणणार नाही. अवेळी कोसळलेला प्रचंड पाऊस, सरोवराचा कच्चा बांध, नदीच्या पात्राला खेटून बांधलेल्या लॉज आणि हॉटेलं, या सगळ्यांचा त्यात वाटा होता. प्रत्येक दुर्घटनेला एकच कारण चिकटवणं म्हणजे तुझ्याच वाटेनं जाणं आहे.

तुझं बिऱ्हाड एवढ्यावर थांबलेलं नाही. मुंबईकरांच्या फोनमध्ये २०५० हे साल असंच घर करून बसलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्लायमेट सेंट्रल या संस्थेच्या स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्राउस यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यास चांगला होता. अवकाशातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीत झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं मिसळली जातात, त्यामुळे किनारे असतात त्यापेक्षा उंच दिसतात. ती चूक त्यांनी दुरुस्त केली. भरतीच्या पातळीखाली येऊ शकेल अशी जमीन पूर्वी समजली जात होती त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. पण नकाशात समुद्राला अडवणाऱ्या भिंती, बांध यांचा विचार नव्हता, आणि हे त्यांनी लपवलंही नव्हतं. बातमीत ती अट गळाली आणि उरलं एवढंच: २०५० पर्यंत मुंबई पाण्याखाली. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १९९५ ते २०१४ च्या सरासरीपेक्षा जागतिक समुद्रपातळी २०५० पर्यंत साधारण पंधरा ते एकोणतीस सेंटीमीटर वाढेल. वीतभर म्हणा. त्या वीतभर पाण्यानं दक्षिण मुंबई बुडत नाही. पण मोठ्या भरतीच्या वेळी कोसळणारा पाऊस बाहेर जायला जागा शोधतो तेव्हा तीच वीत महाग पडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीच्या काठच्या माणसांनी काय भोगलं ते शहर विसरलेलं नाही. तिवरं तोडू नका, नाले मोकळे ठेवा, पूररेषेत बांधू नका, ही मागणी त्या खऱ्या धोक्यातून येते. ‘शहरच बुडणार’ म्हटल्यावर मिठीच्या गाळाची चौकशी कोण करणार?

तुझ्यावर पोट भरणारे दोन प्रकारचे लोक आहेत आणि दोघांनाही इथे नाव न घेता सांगतो. पहिले, जे चांगल्या हेतूनं घाबरवतात. लोकांना धक्का दिल्याशिवाय ते हलत नाहीत, थोडं वाढवून सांगितलं तर बिघडलं काय, असं त्यांना वाटतं. बिघडतं ते असं, की तुमचा एक फुगवलेला आकडा फुटला की त्याच्या शेजारचे दहा खरे आकडे संशयात सापडतात. आपल्या बाजूचा आकडा आला की तो दुप्पट तपासायला हवा, कारण तो तपासायची आपल्याला इच्छाच नसते. दुसरे, जे तुला जिवंत ठेवतात ते फक्त दाखवून हसण्यासाठी. त्यांना हिमनदीशी देणंघेणं नाही. तू चुकलास म्हणून हवा तापत नाही, असा त्यांचा न्याय. तुझी चूक उघडी पाडली ती हिमनद्या मोजणाऱ्यांनी आणि चौकस पत्रकारांनी, हे ते कधी सांगत नाहीत. त्यानंतर हॅरॉल्ड शापिरो यांच्या अध्यक्षतेखाली वेगवेगळ्या देशांच्या विज्ञान अकादमींच्या समितीनं आयपीसीसीच्या कारभाराची तपासणी केली, २०१० च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला, आणि चुका दुरुस्त करण्याची ठरीव पद्धत लागू झाली, हेही ते सांगत नाहीत. स्वतःची चूक जाहीर छापणारी संस्था अविश्वासार्ह आणि एकही चूक कधीच न मानणारे फॉरवर्ड विश्वासार्ह, हे गणित पिंडारीच्या भागाकाराहून वाईट आहे.

म्हणून शाळेतल्या शिक्षकांना, भाषणं लिहून देणाऱ्यांना, बातमीची शीर्षकं करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. हवामानाचा आकडा हातात आला की तीन गोष्टी विचारा. हे कुणी मोजलं? कुठे मोजलं, एका हिमनदीवर की सगळ्या पर्वतरांगेवर? आणि ‘जर’ काय आहे, म्हणजे कोणत्या अटीवर हे होणार आहे? या तिन्हींची उत्तरं नसतील तर तो आकडा मुलांच्या तोंडी घालू नका. आपल्या मुलांना खरं ऐकून काळजी करता येते. त्यांना घाबरवण्यासाठी खोट्याची भर घालण्याचं कारण नाही.

आणि तू. तू येशील, तुला कुणी थांबवू शकत नाही. तुझ्या पहिल्याच सकाळी कुणीतरी बर्फानं भरलेल्या शिखराचा फोटो टाकेल आणि खाली लिहील, बघा, म्हणत होते ना संपणार म्हणून! त्या माणसासाठी उत्तर आत्ताच लिहून ठेवतो, ज्याला हवं त्यानं ते जसंच्या तसं वापरावं: २०३५ ची तारीख शास्त्रज्ञांनी २०१० मध्येच मागे घेतली होती. जे मागे घेतलं नाही ते असं, की कोळसा, तेल आणि वायू जाळून माणसानं हवा तापवली, त्यानं हिमालयातलं बर्फ वेगानं घटतंय, आणि ते किती उरेल हे अजूनही आपण किती जाळतो त्यावर ठरणार आहे.

हिमालयाच्या बाजूनं, म्हणूनच तुझ्याविरुद्ध,
एक मराठी वाचक